हुसेनभाईंची हलकी गाडी

एकोणीसशे एकोणऐंशीच्या वैशाखातला एक शुक्रवार. पौडच्या भातगिरणीतल्या काट्यावर मोटारीची मागची सीट ठेवलेली. भरली एकवीस किलो. हजर मंडळी : गिरणीचा हिशेबनीस म्हणून मी, पोती घेऊन खोळंबलेले चार शेतकरी आणि सीटचे मालक हुसेनभाई मिस्त्री.

"लिवा अण्णा, यकवीस. गेलं वझं!" हुसेनभाई म्हणाले.

त्यांचं रस्त्याकडेला गॅरेज होतं. मुंबईच्या एका शेठनं टाकून दिलेली आठ सिलिंडरची अमेरिकन मोटार त्यांनी तिथं आणून उभी केली होती. येत्या जानेवारीत मुंबईकडे एका जुन्या धावपट्टीवर पाव मैलाची शर्यत होती. ती जिंकायची तर गाडी हलकी हवी. म्हणून दर शुक्रवारी ते गाडीचा एखादा अवयव काढून आणत आणि मी त्याचं वजन वहीत उतरवी. बंपर, हीटर, जॅक, हॉर्नसुद्धा! दारांच्या आतल्या पत्र्याला त्यांनी शंभर भोकं पाडली आणि निघालेल्या चकत्या पुडीत बांधून आणल्या. त्या आमच्या काट्याला कळेनात, म्हणून शेजारच्या वाण्याकडे तोलल्या. साडेआठशे ग्रॅम.

"इंजिनाला फकस्त वझं कळतं," हे त्यांचं पालुपद. माझ्या भाचीच्या लग्नात नवरदेवाच्या गळ्यातला हार त्यांनी तळहातावर तोलला आणि भर मांडवात विचारलं, "दीड किलो! कसा पळंल ह्यो?"

आखाड सरेपर्यंत गाडीत काढण्यासारखं काही उरलं नाही. मग हुसेनभाई स्वतःच काट्यावर चढले. एकाहत्तर.

"आता हितनं काढायचं," म्हणाले.

सदुसष्ट. चौसष्ट. साठ. दर वेळी मी "शाब्बास" म्हणून आकडा लिहीत होतो. त्यांच्या बायकोचा, शरीफाभाबींचा, जीव मात्र कासावीस झाला. "अण्णा, तुमी तरी सांगा की. ताट पुढं केलं की सारत्यात. गाडीपायी उपाशी मरंल ह्यो माणूस." मी उलट त्यांनाच गाडीच्या वजनाचं गणित समजावून दिलं.

दसऱ्याला आकडा चोपन्नवर आला तेव्हा मी हादरलो. "हुसेनभाई, पुरे झालं. आता जेवायला लागा."

त्यांनी आसपास कोणी नाही ना, ते पाहिलं.

"मन लई हाय, अण्णा. घास उतरत न्हाई." त्यांनी गळ्याला हात लावला. "पेरणीच्या टायमालाच पुण्याचा डाक्टर बोलला. यावर इलाज न्हाई म्हणला."

"भाबींना ठाऊक आहे?"

"तिला वाटतंय, मी गाडीपायी खात न्हाई. वाटू द्या. रोज भांडती. भांडतीया तवर रडायची न्हाई."

पुढल्या शुक्रवारी भाबी त्यांच्याबरोबर आल्या. हुसेनभाई काट्यावर उभे राहिले. बावन्न. मी तेवढाच आकडा वहीत लिहिला. एकोणीस वर्षांत त्या वहीत खोटा आकडा गेला नव्हता.

"झालं का न्हाई यांचं, अण्णा? किती भरलं?" भाबींनी विचारलं.

हुसेनभाई माझ्याकडे पाहत होते.

"शर्यतीला पन्नासच लागतं, भाबी," मी म्हणालो. "दोन किलो अजून जास्त आहेत."

"आग लागो त्या गाडीला! आन् तुमी बी त्यातलेच!" भाबींनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना खाली उतरवलं. रस्त्याला लागेपर्यंत भाबींचं तोंड थांबलं नाही. हुसेनभाई मान खाली घालून, मुकाट्यानं ऐकत त्यांच्या मागून चालले होते.