लाट येतेय, तयार राहा

वैष्णवीने समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि म्हणूनच की काय, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिने सर्फिंग करणाऱ्यांसाठी ॲप करायला घेतलं. चांगली लाट आली की फोन सांगणार, यांनी फळी घेऊन पळायचं. दिवसभर तिच्या डोळ्यांपुढे निळं पाणी हलायचं आणि आमटीत मीठ दोनदा पडायचं.

तिचे गाइड आदिनाथ सर मात्र कोरडे गृहस्थ.

"सोलापुरात सर्फिंग? अगं, इथं आंघोळीला पाणी नाही. सोमवारी ॲप चालताना दाखव, नाहीतर सगळ्यांसारखं हजेरीचं कर."

हजेरीचं ॲप म्हटलं की वैष्णवीला रडूच यायचं. पण लाट आणायची कुठून? शेवटी तिने घरच्या हौदात सेन्सर सोडला. नळाला पाणी आलं, हौद चढला, की लाट. आता नळ काही रोज येत नाही, आला तरी वेळ सांगून येत नाही. त्यामुळे फोन पहिल्यांदा "लाट येतेय, तयार राहा" म्हणाला तेव्हा वैष्णवी गच्चीवर डोळे मिटून उभी राहिली आणि तिची आई मालतीबाई कळशी घेऊन धावली.

"हे माझ्या फोनात घाल की," आई म्हणाली.

"आई, ते सर्फिंगचं आहे."

"असू दे. लई गुणाचं हाय."

दोन दिवसांत ते गल्लीभर झालं. नाव नोंदवताना ॲप प्रश्न विचारायचं. 'अनुभव' म्हटल्यावर आईने बेधडक 'पट्टीचा' निवडलं. शेजारच्या नागम्मांनी फळीच्या लांबीच्या जागी पाइपाची लांबी घातली. 'तोल सांभाळता येतो का?' यावर मात्र त्या दुखावल्या.

"डोक्यावर दोन, कमरेला एक घागर घेऊन जिना चढते मी. अजून काय दाखवू?"

सोमवारी फोन टेबलावर ठेवून वैष्णवी सरांसमोर बसली. फोन गप्प. ती मनातल्या मनात समुद्राला विनवत राहिली. सरांनी शेवटी पेन उघडलं, 'विषय बदला' लिहायला घेतलं आणि 'विषय ब' एवढं झालं, तोच फोन बोलला. पाठोपाठ सरांचा खिसाही बोलला.

"सर, तुमच्याकडं पण?"

"मिसेसनी घातलंय," सर ओशाळले. ते वैष्णवीच्या घरामागच्याच बोळात राहायचे. मग त्यांचा चेहरा उतरला. "ती गेलीय माहेरी, मोडनिंबला. आणि मी सकाळी नळ उघडा ठेवून आलोय."

नळ उघडा ठेवला की पाणी आल्याचं आवाजावरून कळतं, हे बरोबर. फक्त ऐकायला घरात कोणीतरी लागतं.

सर परतले ते गुडघ्यापर्यंत भिजून, एकाच चपलेवर.

"सर, केवढी होती?" वैष्णवीने हळूच विचारलं.

"पलंगाखालची भांडी दारात आली होती."

"आणि आवाज?"

सरांनी रागवायला तोंड उघडलं. पण पोरीचे डोळे बघून त्यांना रागवता येईना.

"बंद घराच्या अंधारात सगळी पातेली हळूहळू फिरत होती गं. एकमेकांना लागून वाजत होती. नळ बंद करून मी उंबऱ्यावर बसूनच राहिलो जरा."

त्यांनी 'विषय ब' खोडलं, खाली 'मंजूर' लिहून सही केली आणि खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला.

"मिसेसनी माझ्या नावापुढं 'पट्टीचा' टाकलंय. ते 'नवशिका' कर."