अडतीस गाड्यांची खंडेनवमी

आमच्या बडोद्याच्या डेपोतून रोज सकाळी सहा ते साडेसातच्या आत अडतीस सिटी बस बाहेर पडायच्या, आणि त्या माझ्यामुळे पडायच्या. सव्वीस वर्षं कंट्रोलर होतो मी! गाड्या आत आल्या की धुवायच्या, गॅस भरायचा, ब्रेक तपासायचे आणि तीन रांगांत एकीच्या मागं एक अशा चिकटून उभ्या करायच्या. पण कशाही नाही हं. जी सकाळी पहिली निघणार ती सगळ्यात पुढं, दुसरी तिच्या मागं. हा सगळा क्रम माझ्या डोक्यात असायचा. त्याच डोक्यात कोथिंबीर आणायचं राहत नाही, ही बायकोची तक्रार वेगळी.

तर काही वर्षांपूर्वी हरणीच्या बाजूला एक नवा छोटा डेपो व्हायचा होता. तिथला इन्चार्ज कोण, हे नाव आमच्या मॅनेजर निरुपमाबेन पाठवणार होत्या. त्या नवमीसाठी आदल्या दिवशीच सासरी करजणला निघाल्या आणि एका दिवसाचा चार्ज माझ्याकडे देऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "वसंतभाई, उद्याची एकेक गाडी वेळेवर निघाली, तर नाव तुमचंच जाईल."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. गाड्या नेहमीसारख्या सोडल्या असत्या तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण माझ्या मनात एक जुनं दुखणं होतं. आमच्या डेपोत गाड्यांची पूजा दसऱ्याला होते, आणि नारळ मॅनेजर फोडतो. म्हणजे दसऱ्याला निरुपमाबेन परत येणार, नारळ त्याच फोडणार, फोटोतही त्याच. सव्वीस वर्षं मी त्या फोटोत डाव्या कडेला अर्धा दिसतोय. आमचे पणजोबा बडोद्याच्या घोडदळात होते आणि आमच्या रावपुऱ्याच्या घरी शस्त्रं पूजतात ती खंडेनवमीला. झालं! मी फर्मान काढलं की यंदा पूजा नवमीला, पहाटे पाच वाजता.

पूजा बिनचूक व्हावी आणि मुलगा मॅनेजरच्या खुर्चीत बसलेला दिसावा, म्हणून आईला स्कूटरवर मागं बसवून घेऊन गेलो. आई, म्हणजे मथुराबाई, वय अठ्ठ्याहत्तर. केबिनमध्ये पाट मांडला, देवीची तसबीर ठेवली, झेंडूच्या माळा अडतीसही गाड्यांना घातल्या. ड्रायव्हरचं शस्त्र कुठलं? किल्ली! मी फळ्यावरच्या सगळ्या किल्ल्या काढून पाटावर रचल्या. सगळ्यांत वर माझा स्वतःचा जुडगा ठेवला, कारण आमचं शस्त्र ते. हळदकुंकू झालं, आरती झाली, नारळ मी फोडला, फोटोत अगदी मधोमध आलो.

सहाला दहा मिनिटं कमी असताना पहिल्या गाडीचे ड्रायव्हर विक्रमसिंह किल्लीसाठी वाकले. आईनं त्यांचा हात वरच्या वर धरला.

"पुजलेलं शस्त्र नवमीला उचलायचं नाही. उद्या दशमीला उत्तरपूजा झाली की मग."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. घरी नवमीला विळी पूजेत जाते म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवतात. वडिलांचा वस्तरा पूजेत असायचा म्हणून ते त्या दिवशी दाढीचे खुंट घेऊन हिंडायचे. पण घरचे नियम घरी आणि डेपोचे डेपोत, असे माझ्या डोक्यात दोन कप्पे. मधली भिंत आईनं एका वाक्यात पाडली.

मी आईला बाजूला घेऊन समजावलं की ही सरकारी सोय आहे, लोक स्टॉपवर उभे आहेत. ती म्हणाली, मग मांडल्यास कशाला. मी विक्रमसिंहांना म्हटलं, तुम्ही उचला हो, पाप माझं. ते पडले राजपूत, शस्त्रपूजेच्या बाबतीत आईच्याही वरताण. दोन्ही कानांना हात लावून म्हणाले, "बा बोल्या, पती गयुं." म्हणजे आई बोलल्या, विषय संपला. पूजेतली किल्ली ओढून नेली आणि रस्त्यात काही बरंवाईट झालं तर, असं कुणीतरी पुटपुटलं आणि सगळे ड्रायव्हर भिंतीला टेकून उभे राहिले.

फक्त हेरंब तयार झाला. तो आपल्यातलाच, मराठी, तिशीचा, म्हणाला, मी असलं काही मानत नाही, द्या माझी किल्ली. पण त्याची गाडी दुसऱ्या रांगेत नववी! पुढच्या आठ हलल्याशिवाय ती बाहेर येणार कशी? माझा तो सव्वीस वर्षांचा क्रम मी पहिल्यांदाच मनात शिव्या देऊन आठवला. मग मला जादा किल्ल्या आठवल्या. त्या कपाटात होत्या. कपाटाची किल्ली माझ्या जुडग्यात होती. जुडगा पाटावर, देवीच्या पायाशी, कुंकू लावून.

सव्वासहा झाले. फोन वाजायला लागला. पहिल्या चार फोनना मी सांगितलं की गाडी निघाली आहे. पाचवा माणूस डेपोच्या गेटसमोरूनच बोलत होता, त्याला आतली गाडी दिसत होती. तिकडे करजणला निरुपमाबेनच्या मोबाइलवर गाड्या कुठं आहेत ते दिसतं, म्हणजे अडतीस ठिपके एकावर एक बसलेले दिसत असणार. हरणी माझ्या डोळ्यांदेखत लांब चालली होती. खरं सांगतो, रडू यायचं तेवढं बाकी होतं.

इतक्यात आई उठली. घरी घटाचा नैवेद्य व्हायचा होता, पुरण शिजायचं होतं. म्हणाली, चल, मला सोड घरी. मी म्हटलं, स्कूटरची किल्लीही त्याच जुडग्यात आहे. तिनं पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि रिक्षानं जाते म्हणून तणतणत गेटबाहेर गेली.

पण रिक्षा मिळणार कुठून? शहराच्या या बाजूला एक बस सुटलेली नाही म्हटल्यावर रिक्षा सगळ्या भरून पळत होत्या. आई पंचवीस मिनिटं स्टॉपवर उभी राहिली. तिथं बायकांची गर्दी होती. कुणाची दवाखान्यात नर्सची पाळी, कुणाला पोळ्या लाटायला चार घरं, कुणाची मुलगी परीक्षेला निघालेली. त्या सगळ्या डेपोच्या साहेबाचा उद्धार करत होत्या, आणि साहेबाची आई मुकाट्यानं ऐकत होती.

सात वाजता ती परत आत आली. पदर खोचला आणि थेट पाटाशी बसली.

"शस्त्र उचलत नाहीत ते शांततेच्या दिवसांत," ती म्हणाली. "लढाई उभी राहिली तर नवमीलाही उचलतात. तुझे पणजोबा निघाले होते."

"इथं कुठं लढाई, आई?"

"गेटबाहेर जाऊन बघ."

तिनं अक्षता टाकल्या, देवीची माफी मागितली आणि पहिली किल्ली स्वतः उचलून विक्रमसिंहांच्या हातात ठेवली. मी क्रमानं नंबर सांगत गेलो, ती किल्ल्या देत गेली. गाड्या क्रमानंच उभ्या असल्यामुळे अकरा मिनिटांत अडतीसच्या अडतीस बाहेर पडल्या, झेंडूच्या माळांसकट, एखाद्या वरातीसारख्या. एवढ्या वेगानं डेपो आजवर कधी रिकामा झाला नव्हता. शेवटी पाटावर माझा जुडगा तेवढा उरला. मी हात पुढं केला तर आईनं चापट मारली. लढाई गाड्यांची आहे, तुझी नाही, म्हणाली.

म्हणून तिला घरी सोडायला मीही बसनंच निघालो. आईला जागा मिळाली, मी दांड्याला लोंबकळत. शेजारच्या बाई मला सांगत होत्या की या डेपोत कुणा गाढवाला बसवलंय कोण जाणे. मी म्हटलं, खरंय तुमचं.

दसऱ्याला निरुपमाबेन आल्या. मी काही न लपवता सगळं सांगितलं. रजिस्टरमध्ये उशिराच्या कारणाचा रकाना मी रिकामा ठेवला होता, तो त्यांनी पाहिला. मग म्हणाल्या, "अकरा मिनिटांत अडतीस गाड्या काढणारा माणूस मला हरणीला हवाच आहे. नाव पाठवते. पण एक अट आहे."

अट मी लगेच मान्य केली. आता हरणीच्या डेपोचा इन्चार्ज मीच आहे, आणि दर वर्षी खंडेनवमीला माझी रजा मी न मागताच मंजूर होते.