पुन्हा पुन्हा पडणारा पोचा

स्वतःबद्दल फार बोलू नये असं मला वाटतं. पण माझ्याबद्दल दुसरं कोणी बोलत नसल्यामुळे नाइलाज आहे. मी जीवराम. अमळनेरात एका कचेरीत दहा ते पाच जुन्या कागदांच्या नकला काढतो आणि उरलेला वेळ गुन्हेगारांच्या मागे असतो. ते माझ्या पुढे असतात की नाही, हा तपशील गौण. माझी नजर घारीची, कान सशाचे, आणि नाक, डॉक्टरांच्या मते, आतून वाकडं आहे. आजवर मी अकरा प्रकरणं हाताळली. त्यांतली नऊ आपोआप सुटली. राहिलेल्या दोन्हींत एकच म्हैस होती, ती दोनदा हरवली आणि दोनदा स्वतःहून परत आली. या कीर्तीला आमच्या सौ. मंदाबाई "रिकामपण" असा शब्द वापरतात.

बारावं प्रकरण अठ्ठ्याऐंशी सालच्या आखाजीचं, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेचं. आखाजीला पाच दिवस होते. शेजारचे अभिमन नाना सकाळी सहालाच दारात उभे. चेहरा उतरलेला, टोपी उलटी.

"जीवराम, गाडीले पोचा पडना रे भो!"

गाडी नानांची असती तर मी पुन्हा झोपलो असतो. पण ती होती त्यांच्या धुळ्याच्या व्याह्यांची, गिरधर आबांची, पंचावन्न सालची काळीभोर लँडमास्टर. नानांची एकुलती एक लेक प्रमिला माघात आबांची सून झाली. तिची ही लग्नानंतरची पहिली आखाजी. सुनेने एसटीच्या गर्दीत माहेरी जायचं नाही, म्हणून आबांनी जिवापाड जपलेली गाडी आदल्या संध्याकाळी नानांच्या हाती दिली होती. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः येऊन गाडी आणि सून दोन्ही घेऊन जाणार होते.

आणि आज उजाडल्यावर नानांना डाव्या मागच्या मडगार्डावर तो दिसला. भाकरीएवढा पोचा.

"पोरले जन्मभर टोमणे ऐकना पडतीन," नाना कुजबुजले. "आणि तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. बिनआईची पोर, पहिली आखाजी, उगाच जीवाला घोर नको."

गॅरेजात नेता येत नव्हतं. गावातले पोचे काढणारे सगळे डेंटर ही गाडी ओळखत. मडगार्डाची बातमी एसटीच्या आधी धुळ्याला पोचली असती. तेव्हा दुरुस्ती घरीच, प्रमिला उठायच्या आत. मी आतून आमच्या पाट्यावरचा वरवंटा फडक्यात गुंडाळून पत्र्याला टेकवला आणि नानांनी बाहेरून कपडे धुवायच्या मोगरीने हळूहळू ठोकलं. तासाभरात पोचा निघाला. मडगार्ड असं गुळगुळीत झालं की त्यात नानांना टोपी सरळ करता आली.

संध्याकाळी पोचा परत आला. तिथेच. तेवढाच.

दुसऱ्या दिवशी काढला, संध्याकाळी हजर. तिसऱ्या दिवशीही तेच.

"हा घातपात आहे," मी म्हणालो.

"वरवंटा कुठाय?" मंदाबाई म्हणाल्या. "तीन दिवस चटणी नाही."

"मंदा, इथे एका मुलीच्या संसाराचा प्रश्न आहे!"

"आणि इथे एका बाईच्या स्वयंपाकाचा."

कचेरीत रजेचा अर्ज टाकून मी तपासाला लागलो. पहिला संशयित गल्लीतल्या झुलालची म्हैस. मडगार्ड जमिनीपासून किती उंच आणि म्हशीचं कपाळ किती उंच, हे टेपने मोजायला गेलो. पहिलं माप नीट घेतलं. दुसऱ्या मापाच्या वेळी म्हशीने सहकार्य केलं नाही. त्यानंतर दोन दिवस मी उभ्यानेच विचार केला.

दुसरा सिद्धांत शास्त्रीय होता. खान्देशातलं ऊन, लोखंडी पत्रा. उन्हाने पत्रा घाबरून आत जात असावा. पुरावा म्हणून घरातला तापमापक मडगार्डाला लावला. पारा एकशे आठपर्यंत गेला आणि तापमापक फुटला.

"गाडीला ताप आहे," मी म्हणालो.

"गाडीला नाही," मंदाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या वेळी मात्र मी हुकमी सापळा लावला. गाडीभोवती तीन हात रुंद रांगोळीचा पट्टा पसरला. गुन्हेगार चालत आला की पाऊल उमटणार! संध्याकाळी पाहतो तर रांगोळीवर चिमणीचंही पाऊल नाही, आणि पोचा जागच्या जागी.

"म्हणजे काय?" नानांनी विचारलं.

"म्हणजे गुन्हेगार हवेतून येतो," मी म्हणालो, आणि स्वतःच्याच बोलण्याला हसलो. माझ्या कारकिर्दीत एवढं अचूक अनुमान मी पूर्वी कधी काढलं नव्हतं. म्हणूनच बहुधा ते मला ओळखता आलं नाही.

पहारा कडक होता. पहाटेपासून जेवणापर्यंत मी गाडीपाशी, चारनंतर नाना, रात्री आम्ही दोघं तिथेच बाजा टाकून. मधला दोन ते चार एवढाच वेळ मोकळा, पण त्याची काळजी नव्हती. त्या वेळात गल्लीतल्या माहेरवाशिणी नानांच्या अंगणात, निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर जमत. आखाजीला लेकी झोक्यावर आल्या, गाणी सुरू झाली, की पुरुषांनी अंगणात थांबायचं नाही. ती गाणी आपल्यावरच असतात. आम्ही सभ्य माणसं; रस्त्याकडच्या ओट्यावर पाठ करून पत्ते खेळत असू. मी वहीत लिहूनही ठेवलं होतं : 'दोन ते चार. गाडीजवळ आठ बायका. बंदोबस्त उत्तम.'

गाडी कुठे उभी होती, असं कोणी विचारेल. निंबाखाली. दुसरीकडे सावली होती कुठे?

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला मंदाबाई ओट्यावरून तरातरा गेल्या. "उद्या पुरण आहे. मी वरवंटा घेऊन येते," म्हणाल्या. पाच मिनिटांनी आल्या त्या वरवंटा हातात घेऊनच. सगळे सावरून बसले.

"अहो डिटेक्टिव्ह, तुमचा गुन्हेगार सापडला."

"कोण? झुलालची...?"

"प्रमिला. आणि वैजू, आणि लीला, आणि उरलेल्या बठ्ठ्या. झोका पुढे गेला की पाय लांब करून मडगार्डावर टाच देतात आणि परत येतात. टाच बसली की गाडी टप् म्हणते. पोरींना फार आवडतं ते."

आम्ही अंगणात धावलो, तर प्रमिला डोळ्यांत पाणी आणून उभी होती. "नाना, मला सांगायचं ना! मला वाटलं, जुन्या गाड्या अशाच वाजतात."

"तुला घोर नको म्हणून..." नाना म्हणाले आणि खाली बसले.

"पण रांगोळी?" मी म्हणालो.

"रांगोळीवरून गेल्या ना त्या, हवेतून," मंदाबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होतात." हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, त्याला कौतुक म्हणता येणार नाही.

झोका लगेच दुसऱ्या फांदीला गेला. पोचा शेवटचा काढला. वर लांबीची पुटी भरली, पॉलिशपेपरने घासली, सायकलवाल्याकडचा काळा रंग दिला. आखाजीला पुरणपोळी आणि आमरस खाताना नाना पाच दिवसांत प्रथमच हसले.

दुसऱ्या दिवशी आबा सकाळच्या एसटीने उतरले. पांढरं धोतर, हातात छत्री. चहाही न घेता गाडीभोवती फिरले. डाव्या मडगार्डाशी थांबले. वाकले. चष्मा काढला, पुसला, घातला. पत्र्यावरून तळहात फिरवला. नानांनी माझा दंड धरला.

"मना पोचा कोठे शे?" आबा म्हणाले.

मी पुढे झालो. "आबा, तुमचा पोचा? या गाडीला कधी पोचा पडलाच नव्हता, हे मी सप्रमाण सिद्ध..."

"एकसष्ट सालचा पोचा होता तो!" आबांचा आवाज फाटला. "माझी बहीण कुंदा. तिची पहिली आखाजी. आमच्या निंबाला झोका, खाली गाडी. अशी टाच मारली तिने! मी बोललो, ती रुसली, वर्षभर राखी नाही. तेव्हापासून त्याला हात लावलेला नाही. ती बाजू भिंतीकडे करून ठेवतो, कोणाची नजर नको. दर आखाजीनंतर सुरतेहून येते, पोच्यात टाच बसवून बघते, आणि मगच पाणी पिते. परवा येतेय! आते कुंदाले काय दखाडू?"

म्हणजे गाडी आली तेव्हाच पोचा होता. पहिल्या दिवशी गुन्हा घडलाच नव्हता. तो आम्ही दोघांनी मोगरी आणि वरवंट्याने केला. नानांनी हे ओळखून हळूच मोगरी उचलली.

"मोगरीचा नको!" आबा गरजले. "कुंदा ओळखेल. टाचेचाच पाहिजे."

मग मंदाबाईंनी प्रमिलाकडे पाहिलं. प्रमिलाने पदर सावरला आणि मान खाली घातली. सासऱ्यासमोर झोका घेणार तरी कशी? पण आबा रीतभात जाणणारे.

"झोका पहिल्या फांदीला आणा," ते म्हणाले. "आणि चला, पुरुषांनी बाहेर."

आम्ही तिघं ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. मागे दोर करकरला. मंदाबाईंनी गाणं धरलं. त्यात माझं नाव होतं. मग टप्.

आबांनी डोळे मिटले. "थोडा डावीकडे झाला. अजून एक, पोरी. जोरात. गाडी तुझीच शे."

टप्.

मी वहीत वेळ टिपून घेतली. गुन्हा माझ्यापासून बारा हातांवर घडत होता, गुन्हेगार ठाऊक होता, हत्यार ठाऊक होतं, आणि मी पाठ करून उभा होतो. फरक एवढाच, की या वेळी मला तसं सांगितलेलं होतं.