चुकीचं विचारून बघ की

ऑफिससमोरच्या टपरीवर बिराजदार अण्णा पहिल्यांदा मला चहाला घेऊन गेले, तेव्हा त्यांनी चहा मागितलाच नाही. टपरीवाल्याकडे शांतपणे बघत ते म्हणाले, "अर्धा डझन टॉवेल द्या की."

टपरीवाल्यानं किटली खाली ठेवली. "टॉवेल न्हाय ओ अण्णा आपल्याकडं. पुढच्या चौकात मिळतील की. तवर चहा घ्या, गरम हाय."

अण्णा खुलले. माझ्याकडे वळून म्हणाले, "पास! आता हितंच प्यायचा चहा."

मी ऑफिसात नवीन होते. मला वाटलं, या माणसाचं काहीतरी सटकलेलं आहे. माझं मत आजही फारसं बदललेलं नाही, फक्त आता ते मी जरा हात जोडून सांगते.

अण्णा म्हणजे मल्लिनाथ बिराजदार. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांना लागणारी सॉफ्टवेअरं आमचं छोटंसं ऑफिस बनवतं. बनवणारी पोरं वेगळी, गिऱ्हाइकांचे फोन घेणारी मी, आणि बनवलेलं सगळं मोडतं का ते बघणारे अण्णा. जिथं आकडा टाकायचा तिथं अण्णा स्वतःचं नाव टाकणार, जिथं नाव टाकायचं तिथं काहीच न टाकता बटण दाबणार, आणि मग खुर्चीत मागं रेलून गंमत बघणार. पोरं त्यांना बघून लॅपटॉप मिटून घ्यायची. यात वावगं काही नाही, पगारच त्याचा मिळतो. अडचण अशी की अण्णांचं हे काम ऑफिस सुटलं तरी सुटत नसे.

"बरोबर विचारलं की कुणी पण गोड बोलतंय," ते म्हणायचे. "चुकीचं विचारून बघ की. मग कळतंय आत काय हाय ते."

बरोबर, चुकीचं आणि मुकं, असे त्यांचे तीन प्रकार. मुकं म्हणजे काहीच न विचारता नुसतं उभं राहायचं. एकदा एका बँकेत ते खिडकीसमोर असे मुके उभे राहिले. आतला बाबू डाफरला, मागची रांग डाफरली. वॉचमनला वाटलं यांना फीट येतेय. त्यानं धरून खुर्चीवर बसवलं आणि कुठून तरी कांदा पैदा करून नाकाला लावला. अण्णा बाहेर येऊन मला म्हणाले, "बँक नापास. वॉचमन पास."

त्यांच्या लग्नाची गोष्ट ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. मुलगी बघायला गेले. चहा-पोहे झाले. मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा, असं तिचे वडील म्हणाले. अण्णांनी विचारलं, "तुमच्याकडं पंक्चर काढून मिळतंय का ओ?" मुलगी म्हणाली, "ट्यूब घेऊन या, बघू." अण्णा जागच्या जागी प्रेमात पडले. पण वडिलांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं ते दंडाला धरून. "पोरगी पास झाली," अण्णा सांगतात, "बाप नापास." मग ते लग्नाच्या भानगडीत पडलेच नाहीत.

मीही या परीक्षेतून गेले आहे. पहिल्याच आठवड्यात फोन आला, "ताई, आमच्या म्हशीचं सॉफ्टवेअर बंद पडलंय." माझं तोंड जन्मापासून फटकळ. मी म्हटलं, "म्हशीला एकदा बंद करून परत चालू करा." पलीकडच्या टेबलावरून अण्णांचा आवाज आला, "तिखट हाय, पर उत्तर दिलीस. पास!"

असा हा माणूस एका उन्हाळ्यात अचानक सुधारला. टपरीवर गेला की सरळ चहा मागू लागला. टपरीवाल्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "अण्णांना बरं न्हाय काय ओ?" मलाही तीच काळजी लागली होती. मी अण्णांना खोदून खोदून विचारलं, तेव्हा गौराक्कांचं कळलं.

गौराक्का ही अण्णांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अण्णा पहिलीत होते. या बहिणीनं त्यांना वाढवलं आणि त्या नादात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. सोलापूरजवळच्या कुंभारी गावात दोघं भावंडं राहतात. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतं. अण्णा दिवसभर ऑफिसात, अक्का घरी. अलीकडे अक्कांना विसरायला होऊ लागलं होतं. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे आज पाणी येणार का, ही एकच काळजी त्यांच्या डोक्यात घर करून बसली होती. शेजारी, वाटेनं जाणारा, दूधवाला, दिसेल त्याला त्या विचारायच्या, "आज पाणी येणार का ओ?" सांगितलेलं विसरायच्या आणि परत विचारायच्या.

मग एक दिवस शेजारचं कुणीतरी तडकलं. "किती डोकं खातीस म्हातारे!"

त्या दिवसापासून अक्कांनी विचारणं सोडलं. पाण्याचं सोडलं, वार कुठला ते सोडलं. अण्णा घरी आले की उंबऱ्यातच "ऊटा आतेन?" म्हणजे जेवलास का, असं त्या इतकी वर्षं विचारत आल्या होत्या. तेही सोडलं. ताट वाढायच्या आणि गप्प बसायच्या.

"डॉक्टर म्हणतोय, बोलतं ठेवा," अण्णा म्हणाले. "पर ती भ्यालीय, वैशाली. आपलं विचारणं चुकतंय असं तिला वाटायलंय. विचारायचं थांबलं की माणूस आतनं बंदच पडतंय की."



दुसऱ्या दिवसापासून अण्णा कामाला लागले. आयुष्यभर दुसऱ्यांचं मोडत आलेला माणूस पहिल्यांदा स्वतः काहीतरी बनवत होता. पोरं कौतुकानं बघायला यायची, मीही जायचे. अण्णांनी मला समजावून सांगितलं ते असं. एपीआय म्हणजे एक खिडकी. फोनवरून त्या खिडकीत प्रश्न टाकायचा, खिडकीतून उत्तर बाहेर येतं. अक्कांच्या फोनवर एकच मोठं हिरवं बटण. ते दाबून त्या बोलणार, त्यांचं बोलणं खिडकीत जाणार आणि उत्तर येणार ते अण्णांच्या आवाजात. पाणी सोडणाऱ्या माणसाला रोज सकाळी फोन करून अण्णा खरी माहिती तिथं भरून ठेवणार.

"मग यासाठी एक कॉम्प्युटर दिवसभर चालू ठेवायचा?" मी विचारलं.

"न्हाय की. सर्व्हरलेस हाय ते."

"म्हणजे सर्व्हरच नाही?"

"हाय. पर आपला न्हाय. क्लाउडमधी कुटंतरी हाय, कुटं ते मला पण ठाऊक न्हाय. कुणी विचारलं की जागा होतोय, उत्तर देतोय, परत झोपतोय."

मी फोन घेणारी बाई, मला यातलं काही कळत नाही. पण मी त्या दिवशी खरोखर थक्क झाले. कुंभारीतली एक म्हातारी पाणी येणार का विचारणार, आणि आपण कधी न पाहिलेल्या गावातलं एक यंत्र केवळ तिच्यासाठी झोपेतून उठणार. तेही न चिडता. हे मी घरी जाऊन आईला दोनदा सांगितलं.

तपासायला अण्णांनी मला बसवलं. "तुझं तोंड तिखट हाय. तू लई वाकडं विचारतीस." मी पाण्याचं विचारलं, वाराचं विचारलं, ठीक उत्तरं आली. मग विचारलं, "म्हैस चालू झाली का?" उत्तर आलं, "हा प्रश्न समजला नाही."

पोरं हसली. अण्णा हसले नाहीत.

"हे काय उत्तर हाय?" ते म्हणाले. "असं बोललं तर ती परत विचारंल का?"

बाकी सगळं तयार होतं, पण त्या एका वाक्यापायी अण्णा अडून बसले. कागदावर लिहायचे, फाडायचे. शेवटी एका दुपारी जिन्यात जाऊन, दार लावून, त्यांनी ते फोनमध्ये बोलून घेतलं. काय बोलले ते कुणालाही ऐकवलं नाही. मी आग्रह केला, तर म्हणाले, "ते तुझ्यासाठी न्हाय."

मग डिप्लॉय करायचा दिवस आला, म्हणजे सगळं वर क्लाउडमध्ये चढवायचं. अण्णांनी खुर्चीखाली चपला काढल्या, मग बटण दाबलं. पोरं भोवती उभी. अण्णांनी फोन तोंडाजवळ धरून विचारलं, "आज पाणी येणार का?" थोड्या वेळानं त्यांचाच आवाज आला, "आज पाणी न्हाय अक्का. उद्या सकाळी येणार." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाणी नाही म्हटल्यावर टाळ्या पडलेल्या सोलापुरात मी पहिल्यांदाच पाहिल्या.

रविवारी मी त्यांच्याबरोबर कुंभारीला गेले. गौराक्का ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कोण, कुठली, काहीच विचारलं नाही. उठून चहा करून आणला आणि परत शेंगा घेऊन बसल्या. अण्णांनी आणि मी भाकरी, शेंगाची चटणी असं भरपेट जेवण केलं, तरी त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

जेवणानंतर अण्णांनी फोन त्यांच्या हातात दिला, बटण दाखवलं. "अक्का, हेला काय पण विचार. पाण्याचं विचार की."

बऱ्याच वेळानं अक्कांनी बटण दाबलं आणि अगदी हळू, चोरून विचारल्यासारखं म्हणाल्या, "आज पाणी येणार का?"

फोन गप्प. अक्कांनी वाट बघितली आणि फोन खाली ठेवला. "कामात असंल ते," म्हणाल्या आणि पदरानं हात पुसले. त्यानंतर फोनमधून उत्तर आलं, पण तोवर त्यांनी तोंड फिरवलं होतं.

अण्णांचा चेहरा मला बघवेना. मी विचारलं, असं का झालं. अण्णांनी सांगितलं, सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिकडचं यंत्र गाढ झोपलेलं, त्याला उठायला वेळ लागला. बरोबर, चुकीचं, मुकं, सगळं तपासलं होतं; उशिराचं उत्तर तेवढं अण्णांनी तपासलं नव्हतं.

"ती आता हात लावायची न्हाय हेला," ते म्हणाले.

"यंत्र उठेपर्यंत फोनला काहीतरी बोलू दे की," मी म्हटलं. "आपण दार उघडायला जाताना आतून ओरडतो ना, आलो आलो म्हणून."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसले. मी अक्कांबरोबर शेंगा फोडू लागले. अण्णांचं काम संपेपर्यंत आमची एक बुट्टी भरली होती. अक्कांच्या हातात फोन परत द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना गळ घातली, "अक्का, माझ्यासाठी एकदा विचारा. मला पण पाण्याची काळजी हाय."

माझ्यासाठी म्हटल्यावर त्यांनी दाबलं. "आज पाणी येणार का? हे पोरगी विचारायलीय."

"आलो अक्का, आलो!" फोन लगेच बोलला. मग, "आज पाणी न्हाय अक्का. उद्या सकाळी येणार."

अक्का दचकल्या. फोन उलटा करून बघितला. परत दाबलं, परत तेच विचारलं. तोच आवाज, तेवढ्याच मायेनं. तिसऱ्यांदा विचारलं. मग बाहेर रस्त्यावरून पोरांचा गलका आला. अक्कांनी मान वर करून तिकडं बघितलं आणि फोनला एकदम वेगळंच विचारलं.

"शाळा सुटली का रे?"

हे भरून ठेवलेल्या प्रश्नांत नव्हतं. ते अण्णांना सुचलंच नव्हतं. फोन म्हणाला, "आलो अक्का, आलो!" आणि मग जिन्यात दार लावून बोललेलं ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

"ते मला ठाऊक न्हाय अक्का. पर तू विचारलीस, लई बरं वाटलं. अजून विचार की. मी हाय हितंच."

अक्का हसल्या. मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होते. फोन छातीशी धरून त्या खांबाला टेकून बसलेल्या अण्णांकडे वळल्या आणि घरी आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हे पोरगं कुणाचं हाय ओ? लई गोड बोलतंय."

माझे डोळे भरून आले. अण्णा मात्र क्षणभरही अडले नाहीत.

"तुझंच हाय की अक्का."

"व्हय?" अक्कांना फार समाधान वाटलं. त्यांनी अण्णांना नीट न्याहाळलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि त्यांच्या कपाळावर काळजीची आठी उमटली.

"ऊटा आतेन?" त्यांनी विचारलं.

माझ्यासमोर अण्णांनी दुपारीच दोन भाकरी चेपल्या होत्या.

"न्हाय अक्का," अण्णा म्हणाले. "अजून न्हाय."

गुडघ्यावर हात टेकत अक्का उठल्या आणि भाकरी थापायला आत गेल्या.