ग्यानीजींचा घसा

ग्यानीजी भांडायला आले की मला गिरणी बंद करावी लागायची. कारण हा माणूस कुजबुजत भांडायचा. घाटनांदुरात माझ्या गिरणीला लागूनच त्यांचा गुरुद्वारा, म्हणजे पत्र्याची एक खोली आणि वर निशाण. मी मिरची दळायला घेतली की हे नाकाला फडकं लावून दारात उभे. पट्टा थांबायचा, गिऱ्हाइकं कान टवकारायची, आणि ग्यानीजी कुजबुजायचे, "ताई, तुमी माझा खून करायलात."

"अहो, मोठ्यानं बोला की जरा!"

"न्हाई. घसा माझा न्हाई, महाराजांचा हाय."

महाराज म्हणजे त्यांचा ग्रंथ. शिखांत ग्रंथच गुरू. पहाटे त्याला गादीवर उघडायचं, वाचायचं, संध्याकाळी रेशमी रुमालांत गुंडाळून निजवायचं. उन्हाळ्यात पंखा, थंडीत शाल. ग्यानीजींच्या स्वतःच्या अंगावर विटकं कांबळं. आवाज राखायचा म्हणून चिंच बंद, दही बंद, लोणचं बंद, आणि भाजीवालीशी घासाघीस बोटांनी. पण वाचायला बसले की असा आवाज लागायचा की मी मिरची मुकाट्यानं उद्यावर ढकलायची. कळत मात्र एक अक्षर नव्हतं.

पण ऐकायला होतं कोण? विळे-कोयते घडवणारी त्यांच्या शिखांची चार घरं एकेक करून पोटामागं शहरात गेली. मग मोठ्या गुरुद्वाऱ्यातून निरोप आला, येऊन बघतो म्हणून. संगत, म्हणजे ऐकायला बसणारी माणसं, नसेल आणि ग्यानीजींच्या मागं वाचणारं कोणी नसेल, तर महाराजांना तिकडं नेणार. ग्यानीजींचं अन्नपाणी सुटलं.

मला राहवेना. डोकं झाकलं की तिथं कुणीही बसू शकतं, एवढं मला ठाऊक होतं. ते बघायला यायचे त्या दिवशी गिरणीतली सगळी गिऱ्हाइकं मी आत नेऊन बसवली. बायकांचे पदर, बाप्यांचे गमजे, सगळ्यांच्या भुवयांवर ज्वारीचं पीठ. झकास संगत जमली! तेवढ्यात आमची गंगूआत्या उठली आणि कमरेचा बटवा सोडून ग्रंथाला हळदीकुंकू लावायला निघाली.

"अगं, बस की खाली!" मी ओरडले.

पाहायला आलेला म्हातारा सरदार खुदकन हसला. मग हळूच म्हणाला, "यांच्यामागं वाचणार कोण?"

मला मेलीला ती अक्षरंसुद्धा ओळखता येत नाहीत.

ग्रंथ डोक्यावर घेऊन, पुढं पाणी शिंपडत, मानानं गाडीत नेला. ग्यानीजींना कुणी चला म्हटलं नाही. तिकडं वाचणारे पुष्कळ. ते हात जोडून म्हणाले, "कायदा बरोबर हाय." जळो तो कायदा, मला वाटलं.

संध्याकाळी भाकरी घेऊन गेले. ग्यानीजी रिकाम्या गादीसमोरच्या सतरंजीवर होते. जरा इथं बसायचे, उठून जरा तिथं.

"काय हरवलं, ग्यानीजी?"

"वाचताना मान वर करायची न्हाई, असा नेम धरलता मी. सगळी जिंदगी." त्यांनी सतरंजीवर हात फिरवला. "आमची बायको रोज ऐकायला बसायची म्हणं. मरंस्तोवर. मी कधी बघितलंच न्हाई. आता मान वर केली, तर समोर कुणी न्हाई. तुमच्या खिडकीतून हितलं दिसतंय ना, ताई? नेमकी कुठं बसायची हो ती?"

मी खांबाकडं बोट केलं. "भाभी तिथं बसायच्या. खांबाला टेकून."

ते उठले, तिथं जाऊन खांबाला टेकले आणि गादीकडं बघत राहिले.

"हितून माझं तोंड दिसत असंल," ते म्हणाले.

"दिसायचं की," मी म्हटलं. "त्या तेवढंच बघायच्या."