दत्तारामकाकांचे पावणे

आमच्या धारगळचे दत्तारामकाका स्वतःच्याच डाव्या हाताला अहोजाहो करतात. चहाचा कप पुढे केला की म्हणणार, "माका काय इचारतास? पावण्यांक इचार!"

पावणे म्हणजे त्यांचा यांत्रिक हात. काका डिचोलीला खाणीवरच्या वर्कशॉपात होते. तिथे मशीनच्या पट्ट्यात हात सापडला आणि कोपराखाली थोडाच उरला. पुढे एका संस्थेने हा हात दिला, तेव्हा पणजीहून टीव्हीवाले आले. "मनात आणताच चालणारा हात! आता काका काहीही करू शकतात!" बातमीदार बाई ओरडली. काकांनी विचारलं, "काहीही म्हणजे, पाठ खाजवतलो?" तेवढं त्यांनी कापलं.

मनातलं त्या हाताला काही कळत नव्हतं. उरलेल्या स्नायूंची हालचाल तेवढी तो ओळखायचा, आणि ती जमवायला काकांना कित्येक महिने घाम गाळावा लागला. त्यात घाम आला की पावणे बिथरत. एका सत्कारात त्यांनी पुढाऱ्याचा हात धरला तो भाषण संपलं तरी सोडला नाही. पिशवी, छत्री मात्र झकास धरत. फक्त बघत राहावं लागे. नजर हटली की वस्तू हातात आहे की पडली, याचा काकांना पत्ता नसे.

यंदा चतुर्थीला आमच्याकडे आरतीला घुमट, म्हणजे मडक्याला कातडं मढवलेलं वाद्य, वाजवणारा आलाच नाही. अपघाताआधी काकांसारखं घुमट गावात कोणी वाजवत नव्हतं. सगळ्यांनी आग्रह केला. उजव्या हाताने कातड्यावर थाप आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, तरच घुमट बोलतं. यांत्रिक बोटं मडक्यावर नुसती टकटकली.

काकांनी हात काढून माझ्याकडे दिला. "पावण्यांक खुर्चीर बसय." मग उघडं थोटूक त्यांनी घुमटाच्या तोंडाशी नेलं आणि उजव्या हाताने थाप मारली.

"वारो लागता रे!" काका ओरडले. "माका कळता!"

आणि घुमट असं घुमलं की शेजारची आरती अर्धी टाकून माणसं आमच्या अंगणात आली. गाणाऱ्यांचा दम संपला, काकांचा नाही. शेवटच्या थापेला सगळं घर ओरडलं.

काका निघाले ते हात खुर्चीवरच विसरून. मी तो घेऊन मागून गेलो आणि वाटेत थबकलो. अपघातापासून काकांनी काकींना कधी डावीकडून चालू दिलं नव्हतं. आज त्या डावीकडे होत्या, थोटकाभोवती बोटं गुंडाळून.

काका हळूच म्हणत होते, "तुजी बोटां कितकी थंड गो."