शेजारच्या गुलाबांची छाटणी

बाग स्पर्धेची ढाल सलग तीन वर्षं शेजारच्या दीपमालावहिनींच्या शोकेसमध्ये होती. यंदा, म्हणजे चौऱ्याण्णव साली, ती आपल्या घरी आणायचीच, असं पल्लवीनं गणपतीतच ठरवून टाकलं. फलटणजवळच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ही स्पर्धा व्हायची. पल्लवीचा नवरा विश्वजित कारखान्यात क्लार्क आणि दीपमालावहिनींचे यजमान धम्मपाल तिथल्याच प्रयोगशाळेत केमिस्ट. दोघे एकाच स्कूटरवरून कामाला जायचे. त्यांच्या बायका मात्र कंपाउंडच्या भिंतीवरून एकमेकींच्या कळ्या मोजायच्या.

कारखान्याचे शेतकी अधिकारी दरवर्षी महिला मंडळात येऊन सांगत, "दसऱ्याच्या सुमारास गुलाब गुडघ्याएवढा ठेवून छाटा." सगळ्या बायका ते वहीत लिहून घेत आणि घरी येऊन कात्री फडताळात ठेवून देत. कळ्यांनी भरलेलं झाड कापायला काळीज लागतं, आणि ते आख्ख्या कॉलनीत एकीकडेही नव्हतं.

एकाकडे होतं, पण तो माणूस दोन महिन्यांपूर्वीच राहायला आला होता. विश्वजितचे वडील आकाराम. दहिवडीकडच्या माळावर जन्मभर मेंढरं राखलेला हा गडी गुडघे दुखायला लागले म्हणून लेकाकडे आला, तोही एका अटीवर. सोबत कबरी शेळी येणार, कारण पिशवीतलं दूध त्यांच्या पोटाला सोसत नव्हतं. पल्लवीनं शेळी कबूल केली आणि आपलीही अट घातली.

"मामंजी, शेळी मागच्या अंगणात राहील. आणि माझ्या झाडांना हात लावायचा नाही. एक पानसुद्धा तोडायचं नाही."

"न्हाई तोडत," आकाराम म्हणाले, आणि शब्दाला जागले.

दसऱ्याला दीपमालावहिनी आणि धम्मपाल दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर निघाले. जाताना फाटकाची किल्ली पल्लवीकडे देऊन वहिनी म्हणाल्या, "चार दिवस झाडांकडं बघा हं." पल्लवीनं तोंडभर "हो" म्हटलं. मग तिलाही सणाला विश्वजितसोबत साताऱ्याला माहेरी जायचं होतं, म्हणून किल्ली आकारामांच्या हातात गेली आणि निरोपही जसाच्या तसा गेला, झाडांकडं बघा म्हणून.

आता आकारामांच्या माण तालुक्यात झाडांकडं बघायची एक रीत आहे. पाऊस सरला की मेंढक्यानं वाटेवरची झाडं कुणाचीही असोत, लांब दांड्याच्या कोयत्यानं छाटायची. पाला शेरडाला आणि नवा फुटवा झाडाला. मालक रागवत नाही, उलट मेंढक्याला भाकरी देतो. आकारामांनी फाटक उघडलं, चाळीस गुलाब, दोन जास्वंदी आणि बोगनवेल यांच्याकडे नीट बघितलं, आणि या घरातल्या माणसांनी झाडांची किती आबाळ केलीय, या विचारानं त्यांचा जीव हळहळला.

शनिवारी दुपारी पल्लवी परतली. भिंतीपलीकडे तिनं सहज नजर टाकली आणि हातातली पिशवी खाली पडली. पलीकडे बाग नव्हतीच. गुडघ्याएवढे चाळीस खुंट होते आणि प्रत्येकाच्या टोकाला शेणाचा गोळा लावलेला होता. अलीकडे कबरी शेवटच्या जास्वंदीचा देठ चघळत होती.

"मामंजी, हे काय केलंत?"

"किती माजली हुती गं झाडं," आकाराम समाधानानं म्हणाले. "आता बघ कशी फुटत्यात. तुझ्या झाडाला हात लावला न्हाई हां."

पल्लवीच्या लेखी ढाल गेली चुलीत. उद्या आख्खी कॉलनी म्हणणार होती, की हिनं जळून सासऱ्याकडून शेजारणीची बाग कापून घेतली. लोकांनी तसं म्हटलं तर त्यांना खोटं तरी कसं पाडायचं? कारण ढालीसाठी आपण काय काय मनात आणलं होतं, ते तिचं तिला ठाऊक होतं.

"माकडं आली होती म्हणूया," विश्वजितनं सुचवलं.

आकारामांना ते लागलं. "माकाड आसं तिरकं कापतंय व्हय रं? मोडून टाकतंय ते. मी काय माकाड हाय?"

"आबा, तुम्ही जरा गप्प बसा."

शेवटी रविवारी सकाळी विश्वजित लूना घेऊन फलटणच्या नर्सरीत गेला आणि दोन खेपांत फुलं आलेली अकरा रोपं घेऊन आला. पल्लवीनं ती खुंटांच्या मध्ये पुरली. लांबून डोळे बारीक करून पाहिलं, तर बाग थोडीशी विरळ दिसत होती, एवढंच. पल्लवीला जरा धीर आला. उरलेल्या खुंटांना घरातल्या दसऱ्याच्या तोरणातले झेंडू सुतळीनं बांधावेत, असंही तिच्या मनात आलं आणि तिनं चार बांधलेसुद्धा. या धांदलीत फाटक उघडं राहिलं.

सोमवारी पहाटे पल्लवी पाणी घालायला गेली तेव्हा कबरी आत उभी होती. अकराच्या अकरा रोपं संपली होती आणि ती झेंडूकडे वळली होती. पल्लवीनं तिचं दावं धरलं, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

दीपमालावहिनी उतरल्या. त्यांनी बागेकडे बघितलं, शेळीकडे बघितलं, मग पल्लवीकडे.

"शेळीनं खाल्लं," पल्लवी म्हणाली. त्या सकाळपुरतं तरी ते खरं होतं.

वहिनी "बरं," एवढंच म्हणून आत गेल्या. त्यांनी भांडण केलं असतं तर पल्लवीला सुखानं झोप लागली असती. त्या बरं म्हणाल्या, आणि पल्लवीची झोप उडाली.

त्या दिवसापासून पल्लवीनं प्रायश्चित्त घ्यायला सुरुवात केली. कबरीचं लेंडीखत सगळं पलीकडे जाऊ लागलं. नळाला पाणी कमी आलं तर आधी पलीकडची आळी भरायची, मग उरलं तर आपली. आठव्या दिवशी खुंटांवर लाल कोंब आले. विसाव्या दिवशी शेण दिसेना, नुसता फुटवा दिसायला लागला. पल्लवी रोज पहाटे भिंतीवरून वाकून बघायची आणि आनंदून जायची. इकडे तिचे स्वतःचे गुलाब उंच वाढून रोडावले होते, टोकाला एखादं फूल, तेही बटणाएवढं. पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

डिसेंबरचा पहिला रविवार उजाडला. शेतकी अधिकारी आणि दोन परीक्षक दीपमालावहिनींच्या फाटकातून आत शिरले आणि तिथंच थबकले. चाळीस झाडं, प्रत्येकावर दहा-दहा, बारा-बारा फुलं, तळहाताएवढी. अधिकाऱ्यांनी एका फुलाखाली तळहात धरून बघितला.

"नऊ वर्षं मी घसा फोडून सांगतोय," ते म्हणाले. "आज एका घरानं ऐकलं."

पल्लवीच्या बागेत ते दोन मिनिटं थांबले आणि घड्याळ बघत बाहेर पडले.

संध्याकाळी चौथ्यांदा ढाल घेऊन वहिनी आल्या, तेव्हा पल्लवीनं डोळ्यांत पाणी आणून सगळं ओकून टाकलं. "वहिनी, मी खोटं बोलले. मामंजींनी कापली होती तुमची बाग. मला दीड महिना घास गोड लागला नाही."

"मला ठाऊक हाय की," दीपमालावहिनी शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या मामंजींनीच सांगितलं, त्याच दिवशी, भिंतीवरून. चाळीस-पंचेचाळीस दिवस दम धरा म्हणाले."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्हीपण छाटून घेतली असती ना."

पल्लवीचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. वहिनी गेल्यावर ती तडक मागच्या अंगणात गेली. आकाराम कबरीची धार काढत होते.

"मामंजी, उठा. कोयता घ्या. आपले सगळे गुलाब छाटायचेत, आत्ता."

"आता न्हाई पोरी. वखत गेला. आता फुडल्या दसऱ्याला."

"चालेल. पुढच्या दसऱ्याला पहिल्यांदा आपली बाग. दुसरीकडं कुठं जायचं नाही."

आकारामांनी धार थांबवली आणि चरवी बाजूला ठेवली.

"फुडल्या दसऱ्याचा सबूद पल्याडच्या ताईस्नी दिलाय गं," ते म्हणाले. "आनि त्या म्हनल्या, शेजारी कुनाचं छाटू नगा."